चलनबदलाचा छुपा खर्च : ई-वॉलेट, ऑनलाइन जुगार आणि धारगळ

एका चलनातील रक्कम दुसऱ्या चलनात नेली की मधली संस्था आपला वाटा कापून घेते, आणि हा वाटा बहुतेक वेळा पावतीवर वेगळ्या ओळीत न दाखवता विनिमय दरातच मुरवलेला असल्यामुळे तो देणाऱ्याला आपण काही दिले याची जाणीवही होत नाही. बँकेचे कार्ड, मोबाइलवरील ई-वॉलेट, विमानतळावरील चलनबदलाची खिडकी आणि परदेशातून घरी येणारा पगार या सर्व ठिकाणी हेच घडते. परंतु परदेशी संकेतस्थळांवरील ऑनलाइन जुगारात ही कापाकापी सर्वांत जास्त होते, कारण तेथे एकच रक्कम जाता-येता मिळून तीन-चार वेळा चलन बदलते. हे शुल्क टाळण्याच्या युक्त्या सांगणारे साहित्य इंग्रजीत विपुल आहे, पण ते युरोपातील ग्राहकाला समोर ठेवून लिहिलेले असते, आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यातील वाचकाला त्यातले फारच थोडे लागू पडते. ते का लागू पडत नाही आणि त्यामागचे तत्त्व येथे कोणत्या कामी येते, हे समजून घेण्यासारखे आहे.

याच तालुक्यातील धारगळ हे गाव या प्रश्नाच्या वाटेवरच आले आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ या गावातून जातो आणि मोपा विमानतळाकडे जाणारा जोडरस्ता येथूनच फुटतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था या दोहोंचे उद्घाटन एकाच दिवशी झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव स्थानिकांचा विरोध असतानाही याच गावात भरला. मांडवी नदीवरील कॅसिनो जहाजे चालवणाऱ्या डेल्टा कॉर्प या कंपनीने कॅसिनोसह मोठ्या पर्यटन नगरीची योजना मांडली तीही धारगळसाठीच, आणि तिळारी पाटबंधारे प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील जमीन अशा कामासाठी द्यावी काय, यावर तालुक्यात तीव्र वाद झाला. डॉलर, पौंड आणि युरो घेऊन येणारा पाहुणा, जहाजावर काम करून डॉलरमध्ये पगार मिळवणारा तारवटी आणि मोबाइलवर परदेशी जुगाराची जाहिरात पाहणारा तरुण, हे तिघेही आज एकाच गावाच्या परिसरात सापडतात.

चलनबदलाचा खर्च समजण्यासाठी प्रथम मधला दर म्हणजे काय ते पाहावे लागते. मोठ्या बँका आपापसांत ज्या भावाने चलन घेतात आणि विकतात त्या दोन भावांच्या मध्यावरचा दर म्हणजे मधला दर. वृत्तपत्रांत किंवा शोधयंत्रावर दिसतो तो साधारणपणे हाच, आणि सामान्य ग्राहकाला तो क्वचितच मिळतो. समजा एका डॉलरचा मधला दर ८५ रुपये आहे आणि चलनबदल करणारा डॉलर ८७ रुपयांना विकतो व ८३ रुपयांना विकत घेतो. अशा वेळी १,००० डॉलर घेऊन ते त्याच संध्याकाळी परत विकणाऱ्याचे ४,००० रुपये जातात, आणि तरीही त्या दुकानावर ‘कमिशन नाही’ अशी पाटी असू शकते. जुने सराफ ज्याला बट्टा म्हणत तोच हा खर्च, फक्त तो आता संगणकाच्या दरात दडलेला असतो. भारतीय बँकांच्या बहुतेक क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर परदेशी चलनातील खरेदीवर दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिभार लागतो, त्याला मार्कअप म्हणतात, आणि त्या अधिभारावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर बसतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांचा अधिभार प्रत्यक्षात ४.१३ टक्क्यांचा होतो.

याखेरीज आणखी एक फसवा प्रकार आहे. परदेशी कार्डधारकाने धारगळच्या हॉटेलात कार्ड लावले असता यंत्राच्या पडद्यावर बिल रुपयांत द्यायचे की त्याच्या स्वतःच्या चलनात, असा प्रश्न कधीकधी येतो. आपले ओळखीचे चलन पाहून पाहुणा ते निवडतो, आणि मग चलनबदल त्याच्या बँकेऐवजी दुकानदाराच्या यंत्रामागील कंपनी स्वतःच्या दराने करते, जो दर बहुतेक वेळा अधिक महाग असतो. भारतीय प्रवाशाला परदेशात हाच प्रश्न विचारला जातो आणि तोही रुपया पाहून तीच चूक करतो. नियम सोपा आहे: विकणारा ज्या चलनात हिशेब ठेवतो त्याच चलनात पैसे द्यावेत, म्हणजे चलनबदल एकदाच होतो आणि तो कोणी केला हे कळते.

खर्च कमी करणे आणि तो शून्यावर आणणे यांत मात्र फरक आहे. तो शून्य व्हायचा तर व्यवहाराच्या दोन्ही टोकांना एकच चलन असावे लागते, आणि या गोष्टीचा अनुभव पेडण्याने आपल्या इतिहासात प्रत्यक्ष घेतलेला आहे. १७८८ पासून पोर्तुगीज अंमलाखाली असलेला हा तालुका बाजारहाट, सोयरिकी आणि शेतमाल यांच्या बाबतीत सावंतवाडी आणि बांद्याशी बांधलेला राहिला, त्यामुळे सीमेवर दोन राज्यांची दोन नाणी वापरणे ही येथील रोजची अडचण होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारान्वये गोव्यासाठीची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या वजनाची आणि कसाची, तीही ब्रिटिशांच्या टांकसाळीत पाडली जाऊ लागली, आणि पोर्तुगीज रुपिया ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीने आला. १८९२ साली तो करार संपुष्टात आला आणि जकातीचे अडथळे पुन्हा उभे राहिले, तरी रुपिया रुपयाच्या जोडीनेच राहिला. १९५९ च्या सुरुवातीला पोर्तुगीज राजवटीने एका रुपियाला सहा एस्कुदो या हिशेबाने नवे चलन आणले, आणि त्या काळात भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली असल्यामुळे सीमेवरील पत्रादेवीच्या पलीकडे असलेल्या रुपयाशी गोव्याचा उरलासुरला संबंधही तुटत गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर भारतीय रुपया हेच येथले चलन झाले आणि पेडणे ते बांदा या वाटेवरचा चलनबदलाचा प्रश्न कायमचा मिटला. चलनबदलाचा भुर्दंड पूर्णपणे गेल्याचे हे एक उदाहरण आहे.

ई-वॉलेट म्हणजे बँक खाते आणि विक्रेता यांच्या मधोमध ठेवलेले इलेक्ट्रॉनिक पाकीट: ग्राहक आपल्या बँकेतून त्यात रक्कम भरतो आणि विक्रेत्याला बँकेचे तपशील न देता त्यातून पैसे देतो. स्क्रिल आणि नेटेलर ही आंतरराष्ट्रीय जुगारात सर्वांत परिचित झालेली दोन वॉलेटे; पहिले २००१ मध्ये लंडनमध्ये मनीबुकर्स या नावाने सुरू झाले, दुसरे १९९९ मध्ये कॅनडात, आणि २०१५ नंतर दोन्ही पेसेफ या एकाच समूहाकडे आली. अशा वॉलेटचे खाते उघडताना ग्राहकाला एक चलन निवडावे लागते आणि ते सहसा नंतर बदलता येत नाही, त्यामुळे चुकीची निवड झाली की पुढच्या प्रत्येक व्यवहारावर, चार टक्क्यांच्या आसपास, चलनबदल शुल्क लागत राहते.

हे शुल्क कसे साचत जाते ते एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. कोणी कार्डावरून एकूण १०,००० रुपये खर्च करून युरोमधील वॉलेटात रक्कम भरली, तर ४.१३ टक्के वजा जाता सुमारे ९,६०० रुपयांचे युरो पोहोचतात. खेळाचे संकेतस्थळ डॉलरमध्ये हिशेब ठेवत असेल तर वॉलेटाचे चार टक्के जाऊन तेथे ९,२०० च्या आसपास उरतात. एकही डाव न खेळता ती रक्कम मागे घेतली तर डॉलरचे पुन्हा युरो होताना ८,८५० राहतात, आणि युरोचे रुपये होऊन बँकेत येईपर्यंत साधारण ८,५०० हातात पडतात. पंधरा टक्के रक्कम कोणतीही पैज न हरता गेलेली असते. जुगार चालवणाऱ्याचा स्वतःचा नफा, जो प्रत्येक खेळाच्या गणितातच बसवलेला असतो, तो यात धरलेलाच नाही.

एवढे महाग असूनही जुगारात वॉलेटांचे प्रस्थ का वाढले, याचे उत्तर बँकांच्या वागण्यात आहे. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराला विक्रेत्याच्या धंद्याचा चार अंकी संकेतांक जोडलेला असतो आणि पैज व जुगार यांच्यासाठी तो ७९९५ हा आहे. बँकेला हा आकडा दिसला की ती व्यवहार थांबवू शकते. वॉलेट मध्ये आले की बँकेला वॉलेट दिसते, त्यापलीकडचा जुगार सहजी दिसत नाही. अमेरिकेने ऑक्टोबर २००६ मध्ये बेकायदा इंटरनेट जुगाराकडे जाणारा पैसा अडवणारा कायदा केला, जानेवारी २००७ मध्ये नेटेलरच्या दोन संस्थापकांना तेथे अटक झाली, कंपनीने अमेरिकी ग्राहकांसाठीची सेवा बंद केली आणि पुढे त्याच वर्षीच्या समझोत्यात १३.६ कोटी डॉलर सरकारजमा करण्याचे मान्य केले. या धंद्यात वॉलेटाचे शुल्क हे बऱ्याच अंशी आडवाटेचे मोल आहे, हे या प्रकरणावरून दिसते, आणि आडवाट स्वस्त करून देण्याचा सल्ला मागणाऱ्याने हे मोल कशासाठी घेतले जाते ते आधी पाहिले पाहिजे.

ज्या देशांत ऑनलाइन जुगाराला परवाना आहे तेथे शुल्क टाळण्याची रीत सरळ आहे, आणि ती वर सांगितलेल्या तत्त्वाचीच आहे: बँक खाते, वॉलेट आणि संकेतस्थळावरील खाते या तिन्हींचे चलन एकच ठेवायचे. लंडनमधील ग्राहकाचा पगार पौंडात असतो, तो वॉलेट पौंडात उघडतो, ब्रिटिश परवान्याचे संकेतस्थळही पौंडात चालते, त्यामुळे चलन बदलतच नाही. रुपयात कमावणाऱ्या भारतीय रहिवाशाच्या बाबतीत मात्र साखळीचे एक टोक रुपया आणि दुसरे टोक परदेशी चलन असणे अटळ आहे, आणि त्या दोहोंमधील पायरीवर शुल्काच्या आधी कायदा उभा आहे.

हा कायदा म्हणजे १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, नेहमीच्या बोलण्यातला फेमा. त्याखालील चालू खाते व्यवहारांचे नियम २००० मध्ये झाले, आणि त्यांच्या पहिल्या अनुसूचीत ज्या कारणांसाठी परकीय चलन काढताच येत नाही त्यांत लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स इत्यादींची खरेदी स्पष्टपणे नमूद आहे, तसेच लॉटरीतील बक्षिसाची रक्कम बाहेर पाठवण्यासही मनाई आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रक्कमपाठवणी योजनेखाली, जिला बँकांत एलआरएस म्हणतात, रहिवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, परंतु या अनुसूचीतील निषिद्ध कारणे त्या मोकळिकीतूनही वगळलेली आहेत. उल्लंघन झाले तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. भारतीय वॉलेटांचा मार्गही येथे उपयोगी पडत नाही, कारण ती देयक व समझोता प्रणाली कायदा २००७ खाली परवाना घेऊन रुपयांतच चालतात, आणि बँकांच्या ज्या मोजक्या वॉलेटांना परदेशी खरेदीची मुभा आहे तीही परवानगी असलेल्या वस्तू-सेवांपुरती आणि लहान मर्यादेत आहे.

२०२५ मध्ये ही चौकट आणखी घट्ट झाली. ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संसदेने ऑगस्टमध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती उमटली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर, कौशल्य आणि नशीब असा भेद न करता, त्याने बंदी घातली. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्या बँकेला किंवा देयक संस्थेलाही तेवढीच शिक्षा, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी त्याची रचना आहे. खेळणाऱ्याला या कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही, सरकारने त्याला पीडित मानले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या मंचांनी पैशांचे खेळ तत्काळ थांबवले. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परंतु परदेशातून भारतात दिली जाणारी सेवाही त्याच्या कक्षेत येते, त्यामुळे बाहेरचे संकेतस्थळ म्हणजे सुरक्षित जागा, ही समजूत चुकीची आहे.

यानंतरही ‘रुपयांतच भरा, चलनबदल शुल्क शून्य’ अशी जाहिरात करणारी परदेशी संकेतस्थळे दिसतात, आणि या जाहिरातीतच सर्वांत मोठा धोका आहे. संकेतस्थळाचे भारतात अधिकृत बँक खाते असू शकत नाही, म्हणून ग्राहकाला यूपीआयचा जो क्यूआर कोड दाखवला जातो तो बहुधा कोणातरी तिऱ्हाइताच्या नावावरील भाड्याच्या खात्याचा असतो. गरजू माणसाला थोडे पैसे देऊन त्याचे खाते, सिमकार्ड आणि एटीएम कार्ड ताब्यात घेतलेले असते आणि पोलीस त्याला म्यूल खाते म्हणतात. तेथे जमलेले रुपये पुढे अनेक खात्यांतून फिरवून हवाला किंवा क्रिप्टो चलनाच्या वाटेने बाहेर नेले जातात. महादेव बुक या सट्टेबाजीच्या जाळ्याविरुद्ध अंमलबजावणी संचालनालयाने केलेल्या तपासात ही पद्धत देशापुढे आली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेव बुकसह बावीस ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. याच भाड्याच्या खात्यांतून सायबर फसवणुकीचा पैसाही फिरत असल्यामुळे जिंकलेली म्हणून आलेली दोन हजारांची रक्कम एखाद्या लुबाडल्या गेलेल्या निवृत्त माणसाची असू शकते, आणि त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली की साखळीतील खाती गोठवली जातात. चार टक्के वाचवायला निघालेल्या तरुणाचे पगाराचे खाते असे महिनोन्महिने अडकून पडते. आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणारा तर याहून मोठ्या संकटात सापडतो, आणि हे खेड्यापाड्यांतील प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.

प्रत्यक्ष कॅसिनोची गोष्ट वेगळी आहे, कारण पैज आणि जुगार हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे आणि २०२५ चा कायदा ऑनलाइन खेळांपुरता आहे. गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. त्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रावरील खेळांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजावरील कॅसिनोंना वाट मोकळी झाली. येथे परदेशी पाहुण्याने रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चलनबदल केंद्रातून रुपये घेऊन पावती जपून ठेवावी, कारण परत जाताना उरलेल्या रुपयांचे पुन्हा आपले चलन करून घेण्यासाठी ती लागते. विमानतळावरील खिडकीचा दर सहसा गावातील केंद्रापेक्षा महाग असतो, हेही त्याला माहीत असलेले बरे. तरीही कॅसिनोत चलनबदलाचा खर्च ही लहान बाब ठरते, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून टोकनसाठी भरलेल्या रकमेवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे, म्हणजे कर आतच धरला तर १०,००० रुपयांतील सुमारे २,८५७ रुपये करातच जातात, आणि जिंकलेल्या रकमेवर पुन्हा सपाट ३० टक्के आयकर लागतो.

धारगळ, मोरजी, मांद्रे आणि हरमल या पट्ट्यात हे ज्ञान जेथे कायदेशीरपणे पैसा वाचवते ती ठिकाणे निराळी आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली यूपीआय वॉलेटची सोय ही त्यांतली एक. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून पाहुण्याला रुपयांचे वॉलेट मिळते, तो चलन एकदाच बदलतो आणि मग शहाळ्यापासून आयुर्वेद उपचारांपर्यंत सगळे रुपयांत देतो, त्यामुळे प्रत्येक खरेदीवर कार्डाचा अधिभार बसत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न तारवट्यांचा आणि आखातात किंवा ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्यांचा आहे. जगभरात लहान रक्कम घरी पाठवण्याचा सरासरी खर्च आजही सहा टक्क्यांहून अधिक आहे आणि तो २०३० पर्यंत तीन टक्क्यांखाली आणण्याचे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. जहाज कंपनीकडून डॉलरमध्ये आलेला पगार अनिवासी भारतीयाच्या एनआरई खात्यात पडताच त्याचे रुपये होतात, त्या दिवशीचा बँकेचा खरेदी दर लागतो आणि बहुतेक कुटुंबे तो विचारतही नाहीत. तो मधल्या दराशी ताडून पाहिला आणि दोन बँकांत तुलना केली तर वर्षाकाठी बरीच रक्कम वाचते. ज्यांना रुपयांची तातडीने गरज नाही त्यांना एफसीएनआर ठेवीत, म्हणजे परकीय चलनातच राहणाऱ्या एक ते पाच वर्षांच्या मुदत ठेवीत, डॉलर डॉलरच ठेवता येतात. आणि कायमचा घरी परतलेला माणूस ती रक्कम आरएफसी खात्यात, म्हणजे रहिवाशाच्या परकीय चलन खात्यात, हलवू शकतो. मुलीचे परदेशातील शिक्षण किंवा पुढच्या कामासाठीचा प्रवास समोर असेल तर हेच डॉलर रुपयांचा वळसा न घेता तिकडे देता येतात, आणि एरवी दोनदा भरावा लागणारा बट्टा एकदाही भरावा लागत नाही.